त्रेचाळिसावा दिवस

एकतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चड्ड्या धुतोय आणि त्यातल्या एकाही चड्डीनं मला श्रीमंत केलेलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं जे घडलं त्यात मर्लचा काहीतरी फायदा असणार, असं कुणी म्हणायला नको. मर्ल म्हणजे मीच. आयोवातल्या ऑल्डर बेंड गावच्या बेसबॉल क्लबाचं क्लबहाउस मी सांभाळतो. गणवेश धुणं, बुटांचा चिखल काढणं, खेळाआधी आणि खेळानंतर पोरांच्या पोटात काहीतरी ढकलणं, आणि कुणाला घरच्या आठवणीनं रडू फुटलं तर मोठा ड्रायर चालू करून देणं. त्याच्या घरघरीत आवाज बाहेर जात नाही.

क्लब मला जे देतो त्याला पगार म्हणायची मला लाज वाटते. माझी खरी कमाई पोरांकडून. प्रत्येकानं घरच्या मैदानावरच्या सामन्याला मला रोज नऊ डॉलर द्यायचे. त्यातून मी त्यांना खायला घालायचं आणि उरेल ते माझं. म्हणजे पोरं पोटभर जेवली की मी उपाशी, आणि माझा खिसा भरला की पोरं उपाशी. ही व्यवस्था ज्या डोक्यातून निघाली त्या डोक्याला एकदा भेटायची माझी फार इच्छा आहे.

पोरांना महिन्याला बाराशे मिळतात, तेही फक्त एप्रिल ते सप्टेंबर. मार्चमधला सराव फुकट. थंडीतले सहा महिने तुम्ही जगलात काय, मेलात काय, क्लबला काही सोयरसुतक नाही. बॅट स्वतःची, ग्लोव्ह स्वतःचा, बूट स्वतःचे. होमरन मारला, म्हणजे चेंडू कुंपणापार घालवला, की प्रेक्षकांत टोपी फिरते आणि गावचे शेतकरी तीत डॉलर-दोन डॉलर टाकतात. आमच्याकडे मक्याच्या कणसाचा वेश घालून नाचणारा एक माणूस आहे. त्याला सामन्याला पंचाहत्तर डॉलर मिळतात आणि तो मला नऊ डॉलर देत नाही. आमचा दुसऱ्या बेसवरचा खेळाडू दोनदा त्याला जाऊन विचारून आला, की बाबा तुझ्या जागी कधी जागा होणार आहे का.

अशा ठिकाणी जुलैतल्या एका शुक्रवारी सकाळी हॉलिस ट्रुइट परत आला.

हॉलिस पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. वय तेहतीस. बारा वर्षांपूर्वी त्याची सुरुवात आमच्याच गावात झाली होती. तेव्हा त्याचे मोजे मी धुतलेत आणि ते मोजे मी विसरू शकलेलो नाही. या बारा वर्षांत तो मोठ्या लीगमध्ये आठ वेळा वर गेला आणि आठ वेळा खाली आला. एकदा तर वर जाताना गाडीत पेट्रोल भरत होता, तेवढ्यात फोन आला की नको येऊस. दर थंडीत तो पार्सलची गाडी चालवायचा. घर चालवायची त्याची बायको जोलीन. ती दातांच्या डॉक्टरकडे लोकांचे दात घासते. हॉलिसच्या खेळाचा बारा वर्षांचा खर्च ऑल्डर बेंडपासून टेक्ससपर्यंतच्या किडक्या दातांनी उचललाय, असं ती स्वतःच म्हणायची.

यंदा जून महिन्यात त्याला नवव्यांदा वर बोलावलं. सातव्या दिवशी त्याचं कोपर दुखावलं आणि त्याला जखमींच्या यादीत टाकलं. आता यातली गंमत बघा. मोठ्या लीगचा माणूस जखमी झाला की तो यादीत असेपर्यंत त्याचा मोठ्या लीगचा पगार चालू राहतो, दिवसाला सत्तावीसशे डॉलर, आणि त्याचे दिवसही मोजले जातात. बरा झाल्याचा कागद निघाला की त्याला खाली पाठवायला क्लब मोकळा. आणि असे सगळ्या खेपांचे मिळून त्रेचाळीस दिवस भरले की पेन्शन लागू. बासष्टाव्या वर्षापासून, वर्षाला तीस-चौतीस हजार, मरेपर्यंत. बेचाळीस दिवस भरले तर शून्य. टाळ्यासुद्धा नाहीत.

कोपर बरं होत आलं की अशा माणसाला दोन-तीन सामने आमच्यासारख्या खालच्या क्लबात खेळायला पाठवतात, हात नीट चालतो का ते बघायला. म्हणून हॉलिस आला होता. आणि अशा पाहुण्यानं पोरांना एकदा झकास जेवण घालायचं असा रिवाज आहे. कुठं लिहिलेला नाही, पण तो मोडणाऱ्याचं नाव वीस वर्षं घेतलं जातं, आणि चांगल्या अर्थानं नाही.

हॉलिसनं बॅग खाली ठेवली, मला मिठी मारली आणि खिशातून नोटांची गड्डी काढून माझ्या हातात कोंबली. शनिवारी रात्री सगळ्यांना मांसाचे जाड स्टेक, सोबत मोठे भाजलेले बटाटे, आणि समोरच्या संघालाही, असं म्हणाला. त्यांनाही कशाला, मी विचारलं. तेव्हा त्यानं लॉन्ड्रीचं दार लावून घेतलं.

"मर्ल, आज एक्केचाळिसावा दिवस आहे," तो म्हणाला. "उद्या बेचाळीस. रविवारी सकाळी मी यादीत असलो की झालं. जोलीननं फ्रिजवर कॅलेंडर लावलंय. रोज एक चौकोन रंगवते. दोन उरलेत."

"आणि हात कसाय?"

त्यानं खाली बघितलं. चोरी पकडल्यासारखं त्याचं तोंड झालं. "तेच तर. हात कधी नव्हे इतका चांगला झालाय."

दार नीट लागलंय ना, ते मी पुन्हा एकदा बघितलं. कारण त्याच्या मागोमाग मुख्य ऑफिसातून ट्रेंट ऑस्बी नावाचा एक पोरगा आला होता. सव्वीस वर्षांचा, काखेत लॅपटॉप, गळ्यात ओळखपत्र, आणि चेंडूचा वेग मोजायचं यंत्र लेकरासारखं छातीशी धरलेलं. हॉलिसनं एक डाव टाकायचा, ऑस्बीनं तो मोजायचा आणि त्याच रात्री वर कागद पाठवायचा. हात बरा नसेल तर मुक्काम वाढणार. बरा असेल तर दुसऱ्या दिवशी नाव यादीतून बाहेर. पुढं काय, असं मी ऑस्बीला सहज विचारल्यासारखं विचारून बघितलं. तो म्हणाला, ते वरचे ठरवतात, मी फक्त आकडे पाठवतो. आमच्या धंद्यात वरच्यांनी ठरवलं म्हणजे काय होतं ते मी एकतीस वर्षं बघतोय. आठ वेळा जे झालं तेच नवव्यांदा होणार. हे सांगायला कुणी ज्योतिषी लागत नव्हता.

हॉलिस त्या संध्याकाळीच खेळला असता तर एक्केचाळीसवरच कारभार आटोपला असता. म्हणून शुक्रवारचा सामना होता कामा नये, एवढं मला कळलं. दुपारी बारा वाजता मैदानाचा माळी जेवायला गेला. त्याच्या खोलीची किल्ली माझ्याकडे असते, कारण माझा साबण तिथं ठेवलेला असतो. मी आत गेलो, पाण्याची चावी सोडली आणि साबण घेऊन बाहेर आलो. चावी बंद करायची राहून गेली. वय झालं की असं होतं.

चार वाजता पिचरच्या उंचवट्याभोवती बदकं पोहायला लागली. मस्करी नाही, खरंच दोन बदकं आली होती. आभाळात ढगाचा ठिपका नाही, आणि माइकवरून बिचारी पोरगी सांगत होती की पाण्यामुळं आजचा सामना रद्द. क्लबचे मालक मिस्टर हॅन्रॅटी ट्रॅक्टर विकतात. त्यांनी माळ्याला जे काही सुनावलं ते मी लॉन्ड्रीत ड्रायर चालू असतानाही ऐकलं. माळी मूग गिळून उभा राहिला. नंतर त्याला मी दोन स्टेक कबूल केले.

पण एका माणसाचा दिवस भरायचा तर दुसऱ्या कुणाचा तरी बुडतो. हॉटडॉग विकणाऱ्या पोरींची रोजंदारी गेली. आणि आमचा कॅचर युडिस पेनालो, दोमिनिकन पोरगा, माझ्यासमोर येऊन उभा राहिला. शुक्रवारी गर्दी असते, टोपीत भरपूर पडतं. त्याला नवा ग्लोव्ह घ्यायचा होता. जुन्याची वादी तुटली होती आणि तिथं त्यानं बुटाची नाडी ओवली होती. तीनशे डॉलरचा ग्लोव्ह, बाराशेतून, त्यातले चारशे घरी जातात.

"डॉन मर्ल," तो म्हणाला. त्यांच्याकडे वडीलधाऱ्याला असं म्हणतात. "पाणी तुम्ही सोडलंत ना?"

मी त्याला खरं ते सगळं सांगितलं. त्यानं ग्लोव्हमधली नाडी ओढून घट्ट केली. मग म्हणाला की त्रेचाळीस दिवसांसाठी सोडलं असेल तर ठीक, आणि उद्या चेंडू मीच पकडणार आहे, तेव्हा उद्याचं माझ्यावर सोपवा.

युडिसचा बेत साधा होता. कुठला चेंडू टाकायचा ते कॅचर खुणेनं पिचरला सांगतो. फलंदाज त्याच्या अगदी पुढ्यात उभा असतो. तो कानात सांगणार, बाबा रे, सरळ येतोय, हळू येतोय, हाण. हॉलिसनं मऊ चेंडू टाकायचे, त्यांनी ते कुंपणापार करायचे, ऑस्बीनं तोंड वाकडं करून लिहायचं की हातात अजून दम नाही. पाहुण्या संघाचे कपडेही मीच धुतो. शनिवारी टॉवेल वाटता वाटता मी एकेकाच्या कानावर घातलं. कुणी नाही म्हणालं नाही. सगळे बाराशेचेच धनी. वर रात्री स्टेक आहेत हेही मी सांगायला विसरलो नाही. एक जण तर म्हणाला, आधी सांगितलेला चेंडू मारायला मिळणं हे माझं लहानपणापासूनचं स्वप्न आहे.

हॉलिसला मात्र मी वेगळं बसवून बजावलं. म्हटलं, तुझा तो ताठा आज इथं खुंटीला टांग. मऊ टाकायचे. भाकरीच्या पिठाच्या गोळ्यासारखे. त्यानं मान हलवली. हाताला तेल लावत बसला होता, आणि तो हात असा काही बघत होता की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

सहाव्या डावात हॉलिस आला. दोन हजार लोक होते. ऑस्बी जाळीमागं यंत्र रोखून बसलेला. मी दाराच्या फटीतून बघत होतो.

पहिला चेंडू खरंच मऊ. इतका मऊ, की वाटेत थांबून एखादा डोनट खाऊन आला असता. फलंदाजाला आधीच माहीत होतं. त्यानं जीव खाऊन बॅट फिरवली आणि गर्रकन फिरून खाली बसला. चेंडू युडिसच्या ग्लोव्हमध्ये. दुसरा चेंडूही तसाच. पुन्हा हवेत. तिसऱ्याला तर त्या गाढवानं डोळे मिटले. असा चेंडू हुकला की स्ट्राइक, आणि तीन स्ट्राइक झाले की फलंदाज बाद. मी कपाळावर हात मारला. आमच्या दर्जाच्या लीगबद्दल मी वाईट बोलत नाही, पण चेंडू कुठं येणार, केव्हा येणार, कसा येणार हे सांगूनही ज्यांना तो लागत नाही अशी माणसं आम्ही गोळा करून ठेवलीत. म्हणून तर बाराशे.

दुसरा फलंदाज तोच, लहानपणापासून स्वप्न बघणारा. त्याचं स्वप्न तीन चेंडूंत आटोपलं. एकदा बॅटच हातातून सुटून मक्याच्या कणसाच्या पायाशी जाऊन पडली. लोक हसायला लागले, मग टाळ्या वाजवायला लागले. सहा चेंडू, सहा स्ट्राइक, दोघे बाद. आणि माझ्या लक्षात आलं की हॉलिसनं टोपी थोडी मागं सारलीय.

मी त्याला बारा वर्षं ओळखतो. टोपी मागं गेली की त्या माणसाला बायको दिसत नाही, कॅलेंडर दिसत नाही, पेन्शन तर नाहीच नाही. दोन वर्षं दुखऱ्या कोपरानं टाकत होता बिचारा. गोळ्या खाऊन, बर्फ बांधून, रात्री उशीखाली हात दाबून झोपून. आणि आज हात दुखत नव्हता. दोन हजार माणसं उभी राहिली होती. युडिसनं मऊची खूण केली. हॉलिसनं मान हलवली, नाही. युडिसनं पुन्हा खूण केली. पुन्हा नाही.

सातवा चेंडू मला दिसलाच नाही, फक्त आवाज आला. आठवा तसाच. फलंदाज अठरा वर्षांचा होता, तो उभ्याउभ्या बघत राहिला, त्यानं बॅट खांद्यावरून उचललीसुद्धा नाही. नवव्या चेंडूला युडिसच्या ग्लोव्हमधली बुटाची नाडी फाटकन तुटली, पण चेंडू त्यानं छातीशी दाबून धरला. नऊ चेंडू, नऊ स्ट्राइक, तिघे बाद, डाव खलास. चांगले चांगले पिचर आयुष्यभर टाकतात आणि त्यांना हे एकदाही जमत नाही. हॉलिसलाही बारा वर्षांत कधी जमलं नव्हतं. ऑस्बी आनंदानं खुर्चीवर उभा राहिला होता. खरं सांगतो, माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच वेळी त्या माणसाला धरून बडवावं असंही वाटलं.

सामना संपला. स्टेक आले. दोन्ही संघांची पोरं एका खोलीत बसून जनावरांसारखी जेवत होती. आपल्यामुळं काय बिघडलं याची त्यांना थोडी लाज होती, पण भूक जास्त होती. ऑस्बी बाहेर गाडीतळावर फोन कानाला लावून फेऱ्या मारत होता. कागद चालला वर, मी मनात म्हटलं.

हॉलिस ताट न घेताच लॉन्ड्रीत आला. टोपी पुन्हा पुढं आली होती. त्यानं जोलीनला फोन लावला आणि टेबलावर ठेवला, म्हणून मलाही ऐकू आलं. कसं झालं, तिनं विचारलं. वाईट, तो म्हणाला. किती वाईट? नऊ चेंडूंत तिघे बाद.

"हॉलिस," ती म्हणाली, "बारा वर्षं न सांगता वाईट टाकलेस. आज एकदा सांगितलं होतं."

मग ती हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली. म्हणाली की ती त्याच्यावर चिडलेली नाही. फक्त पंचावन्नाव्या वर्षी, पासष्टाव्या वर्षी, सत्तराव्या वर्षी लोकांच्या उघड्या तोंडांत वाकून उभी असलेली तिला ती स्वतः दिसतेय, आणि पाठ आत्ताच दुखतेय. ती म्हणाली, जेवून घे. फोन बंद झाला.

आमचा ड्रायर जुना आहे, एका बंद पडलेल्या हॉस्पिटलातून मालकांनी स्वस्तात उचललेला. त्याचं दार लोखंडी. हॉलिस त्या दाराकडं बघत होता.

"मर्ल, हे दार जड आहे का रे?"

मला लगेच कळलं. मी म्हटलं, नाही. म्हणजे दार जड आहे, पण नाही. तो म्हणाला, एक बोट. रविवारी सकाळी मोडलेल्या बोटाच्या माणसाला यादीतून काढता येत नाही. नियम आहे. मी म्हटलं, मग डावा हात घाल. तो म्हणाला, डावा मोडला तर म्हणतील उजव्यानं टाक. हे मात्र खरं होतं. त्या लोकांना मी ओळखतो.

मी म्हटलं, गाढवा, आज तू काय टाकलंयस ते तुला कळतंय का? हा हात आत्ताच कुठं हात झालाय. तो म्हणाला, कळतंय. म्हणूनच तू लाव. मी लावायला गेलो तर ऐनवेळी ओढून घेईन.

त्यानं उजव्या हाताचं पहिलं बोट चौकटीवर ठेवलं आणि तोंड फिरवून माझ्या साबणाच्या खोक्यांकडं बघत उभा राहिला. मी जोलीनची पाठ आठवली. मी हेही आठवलं की आठ वेळा खाली येताना हा माणूस दर वेळी मला आल्या आल्या विचारायचा, मर्ल, आज जेवायला काय आहे. रडला कधीच नाही. एकतीस वर्षांत मी पोरांसाठी जे करू शकलो ते म्हणजे पाव, शेंगदाण्याचं लोणी आणि स्वच्छ चड्ड्या. मी दार लावलं. जोरात लावलं, कारण हळू लावून पुन्हा लावायची ताकद माझ्यात नव्हती.

आवाजाबद्दल मी बोलणार नाही. हॉलिस खाली बसला आणि हात टॉवेलात गुंडाळून पोटाशी धरला. मी बर्फ काढत होतो, तेवढ्यात दार न वाजवता ऑस्बी आत आला. चेहरा लाल, केस विस्कटलेले, एखाद्या लग्नघरातून आल्यासारखा.

"ट्रुइट, सामान भर," तो म्हणाला. "वरचा एक पिचर तापानं पडलाय. मी त्यांना तुझे नऊ चेंडू दाखवले. तीन-तीनदा बघितले त्यांनी. दुसऱ्या एका पोराचं नाव घेत होते, पण मी अडून बसलो. नोकरी जायची वेळ आली होती माझी, पण मी अडून बसलो. सकाळी सहा दहाचं विमान आहे. उद्या तू वर टाकतोयस."

आम्ही दोघं त्याच्याकडं बघत राहिलो. वर. खाली नाही, वर. चौऱ्याण्णव माणसांना मी या खोलीतून निरोप दिलाय. कुणी वर जाताना नेहमी आम्ही आधी विचारतो, कशासाठी, किती दिवस. हॉलिसच्या बाबतीत वर हा शब्द आमच्यातल्या एकाच्याही मनाला शिवला नव्हता. त्याच्या नाही, माझ्या नाही, बायकोच्याही नाही. रविवारचा दिवस त्याला तसाही मिळणारच होता, तोही उंचवट्यावर उभं राहून, चाळीस हजार लोकांपुढं.

ऑस्बीनं अभिनंदनासाठी हात पुढं केला.

हॉलिस उठला. त्यानं टॉवेल सोडला, आणि तो उजवाच हात पुढं करून ऑस्बीचा हात हातात घेतला. तोंडातून आवाज नाही. वाटलं असेल त्याला, निभेल. एका रात्रीत बरं होईल, झाकून नेता येईल, बर्फ आहे, चिकटपट्टी आहे. दोन वर्षं दुखणं झाकूनच टाकत होता की तो. कपाळावरून घाम नाकावर आला, तरी तो हसत होता. ऑस्बीनं दोनदा हात हलवला, मग स्वतःच्या तळव्याकडं बघितलं. तळवा लाल झाला होता.

"हे काय?" ऑस्बी म्हणाला.

"स्टेक," मी म्हटलं. एवढंच सुचलं.

त्या पोराला कळलं असणार. तो आधी माझ्याकडं, मग ड्रायरकडं बघून मटकन टोपलीवर बसला. म्हणाला, मला विचारायचंत ना. मला एकदा विचारायचंत. मग त्यानंच गाडी काढली आणि हॉलिसला दवाखान्यात नेलं. कागदावर त्यानं लिहिलं, क्लबहाउसच्या दारात अपघात, नाव यादीतच राहू द्यावं. खोटं नव्हतं. त्यालाही, मला नंतर कळलं, महिन्याला चौदाशेच मिळत होते.

रविवारी मैदान मोकळं होतं. हॉलिस सकाळीच लॉन्ड्रीत आला, बोटाला हा एवढा पांढरा गठ्ठा. जोलीननं शेवटचा चौकोन रंगवल्याचं त्यानं मला सांगितलं. तिनं त्याला फक्त एकच विचारलं होतं, शेवटचा चेंडू किती वेगात होता. ताशी सत्त्याण्णव मैल, त्यानं सांगितलं. युडिसला तो ग्लोव्हचे तीनशे डॉलर देऊन आला. दिवसाच्या सत्तावीसशेतून परवडलं, म्हणाला. मिस्टर हॅन्रॅटींनी ड्रायरची बिजागरी वाकल्याचे साठ डॉलर माझ्याकडून कापून घेतले.

दुपारी आम्ही रेडिओ लावला. वरच्या संघानं त्या दुसऱ्या पोराला बोलावलं होतं. आठव्या डावात तो आला. सांगणारा म्हणत होता की एकवीस वर्षांचा आहे, पहिलाच सामना आहे, आई-वडील गाडी चालवत आलेत. मी रेडिओ बंद करायला उठलो, तर हॉलिस म्हणाला, राहू दे, थोडा मोठा कर. पोरानं पहिल्याच चेंडूला होमरन खाल्ला. हॉलिस म्हणाला, फार जोर लावतोय बिचारा, खांदा लवकर उघडतोय. मग त्यानं टोपलीतला टॉवेल घेतला आणि डाव्या हातानं, हनुवटीखाली दाबून, त्याची घडी घालायला लागला. टॉवेल एकशे बारा होते. संध्याकाळपर्यंत त्यानं सगळ्यांच्या घड्या घातल्या, आणि त्याचा त्रेचाळिसावा दिवस भरला.